राखून ठेवलेली जागा

पुण्याहून तळेगांवाकडे जाणाऱ्या रस्त्यानें पिंपरी, चिंचवड आणि निगडी हीं गांवें मागें पडलीं म्हणजे देहूरोड लागतें. येथील बुद्धविहारांत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं २५ डिसेंबर १९५४ रोजीं रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. थोडें पुढें तळेगांव दाभाडे येथें त्यांचा बंगला आहे. त्याच १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत थेट चाकणपर्यंतचा माळ कारखान्यांनीं व्यापून टाकला. या पट्ट्यांतील कामगार-वसाहतींतून उन्हाळा संपतां संपतां घरोघर एकच विषय चाललेला असतो: मुलाचें नांव कोणत्या यादींत लागलें, आणि लागलें नसेल तर पुढची यादी केव्हां? प्रतीक्षायादींत नांव अडकलेल्या मुलाच्या बापापुढें प्रश्न दुहेरी असतो. जागा मिळाली नाहीं तर काय, हा एक. आणि मिळालीच तर पैसे कोठून आणावयाचे, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हातीं नसतांना पहिल्याचा पाठपुरावा करावा कीं नाहीं, येथें पुष्कळांचें पाऊल अडतें.

आंबेडकरांच्या आयुष्यांत हाच पेंच आला होता. त्यांच्या पदव्या सर्वांना तोंडपाठ असतात: एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-ॲट-लॉ. पुतळ्याखालच्या फलकावर त्या एका ओळींत बसतात, आणि एका दमांत वाचल्या जातात. परंतु त्या ओळींत दोन पदव्यांच्या मधल्या रिकाम्या जागेंत तीन वर्षें गेलेलीं आहेत. त्या तीन वर्षांत लंडनच्या एका शिक्षणसंस्थेंतील त्यांची जागा केवळ कागदावर होती, आणि ती जागा पुन्हां घेण्यास लागणारा पैसा तर कागदावरहि नव्हता.

आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी १९१३ च्या फेब्रुवारींत वारले. त्याच वर्षीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं तरुण भीमरावांना अमेरिकेंतील शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति दिली; दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें. बदल्यांत शिक्षण संपल्यावर दहा वर्षें बडोदें सरकारची नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं १९१५ सालीं एम. ए. ची पदवी मिळविली, पीएच. डी. साठीं प्रबंध तयार केला, आणि १९१६ च्या जूनमध्यें ते तेथून निघून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें त्यांनीं नांव नोंदविलें. फी होती दहा पौंड दहा शिलिंग. बॅरिस्टरीसाठीं ग्रेज इन या संस्थेंतहि प्रवेश घेतला. मॅकिंडर यांचा भूगोल आणि हॉबहाऊस यांचें समाजशास्त्र हे विषय त्यांच्या अभ्यासक्रमांत होते. अर्थशास्त्राचे प्रसिद्ध अध्यापक एडविन कॅनन हे त्यांचे गुरु. पहिलें महायुद्ध तेव्हां ऐन भरांत होतें.

शिष्यवृत्तीची मुदत एका वर्षानें वाढवून मिळाली होती. ती १९१७ मध्यें संपली, आणि बडोद्यास परत येणें भाग पडलें. अभ्यास अर्धा राहिलेला, लंडनची एकहि परीक्षा झालेली नाहीं, आणि गांठीं पैसा नाहीं. अशा प्रसंगीं बहुतेक विद्यार्थी कांहीं न बोलतां निघून जातात. पुढें दिवस पालटले तर पाहूं, असें मनाशीं म्हणतात. आणि पैशाच्या अडचणीची कबुली देण्याची जी लाज वाटते तिच्यापोटीं संस्थेला एक ओळसुद्धां लिहीत नाहींत. संस्था त्यांचें नांव पटावरून काढते, व त्यांत तिचा दोष नसतो. आंबेडकरांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं लंडन विद्यापीठाकडून गैरहजेरीची परवानगी मिळविली. १९१७ च्या जुलैंत मिळालेली ही परवानगी चार वर्षांपर्यंतची होती.

या परवानगीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. तींत एका पौंडाचेंहि साहाय्य नव्हतें. फी माफ नव्हती. परतीच्या प्रवासाची सोय नव्हती. चार वर्षांच्या आंत आलांत तर जेथें सोडलें तेथून पुढें चालूं शकाल, एवढेंच तिचें म्हणणें. पण हें ‘एवढेंच’ लहान नव्हे. जागा न मागणाऱ्याला ती राखून कोण ठेवील? शिवाय मुदत घातली गेल्यामुळें त्या इच्छेला कालमर्यादा आली. ‘कधींतरी परत जाईन’ असें म्हणणारा मनुष्य आणि ‘अमुक सालाच्या आंत परत गेलें पाहिजे’ असें जाणणारा मनुष्य, हे पैसे वेगळ्या रीतीनें जमवितात. आंबेडकरांच्या चरित्रांतून या रजेचा उल्लेख एखाद्या वाक्यांत उरकला जातो आणि लेखणी घाईनें त्यांच्या चिकाटीच्या वर्णनाकडे वळते. चिकाटी होतीच. परंतु कागदपत्रें वेळच्या वेळीं नीट करून ठेवण्याचा व्यवहारीपणा नसता, तर त्या चिकाटीला परत शिरावयास दार उरलें नसतें.

परतीच्या वेळीं समुद्रांत जर्मन पाणबुड्यांचा सुळसुळाट होता. आंबेडकर एका बोटीनें आले आणि त्यांचें सामान व ग्रंथ दुसऱ्या बोटीनें निघाले; ती दुसरी बोट टॉर्पेडोनें बुडाली. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली तिच्यांतून कांहीं रक्कम घरीं देऊन ते बडोद्यास गेले. तेथें काय घडलें हें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेंत आपली जात लपवून ते उतरले, आणि अकराव्या दिवशीं काठ्या घेऊन आलेल्या जमावानें त्यांना बाहेर काढलें. मुंबईच्या गाडीस अवकाश होता, तोंवर पांच तास ते एका सार्वजनिक बागेंत बसून होते. दहा वर्षांच्या कराराची नोकरी कांहीं दिवसांतच संपली, आणि बडोद्याचें देणें मात्र डोक्यावर राहिलें. म्हणजे रजेच्या चार वर्षांचा आरंभच उणे शिलकेनें झाला.

मुंबईस त्यांनीं शिकवण्या केल्या, शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी एक पेढी काढली. सल्लागार कोणत्या जातीचा आहे हें कळतांच गिऱ्हाईक येईनासें झालें व पेढी बंद पडली. अखेर १९१८ च्या नोव्हेंबरांत सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. तीहि कायमची नव्हे. पगार दरमहा साडेचारशें रुपये. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करीत. प्राध्यापकांच्या खोलींतील पाण्याच्या भांड्यास त्यांनीं शिवण्याबद्दल मात्र कांहीं सहकाऱ्यांनीं हरकत घेतली.

साडेचारशें रुपये त्या काळीं थोडे नव्हते. त्या पगारावर एखादें बरें बिऱ्हाड घेऊन सुखानें राहतां आलें असतें, आणि तसें कोणीं केलें असतें तर त्यास नांव ठेवावयास जागा नव्हती. आंबेडकरांचें कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींतच राहिलें. घरखर्चासाठीं ठराविक रक्कम पत्नी रमाबाई यांच्या हातीं देऊन बाकीचा पैसा ते लंडनसाठीं बाजूस टाकीत. त्या ठराविक रकमेंत महिना कसा निभावला, याचा जमाखर्च कोणीं लिहून ठेवलेला नाहीं. पण या इतिहासांतील पहिली वर्गणीदार म्हणून नांव घालावयाचें झाल्यास तें रमाबाईंचेंच घालावें लागेल; महाराज आणि मित्र यांचीं नांवें त्यानंतरचीं.

या अवधींत अभ्यास थांबला नव्हता. हिंदुस्थानांतील शेतजमिनीच्या लहान लहान तुकड्यांच्या प्रश्नावर त्यांचा निबंध १९१८ मध्यें इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकांत आला. बर्ट्रंड रसेल यांच्या समाजपुनर्रचनेवरील ग्रंथाचें परीक्षणहि त्याच सालचें. कोलंबिया येथें वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’मध्यें १९१७ सालींच छापला गेला होता. मतदानाच्या हक्काची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढें त्यांनीं १९१९ च्या जानेवारींत साक्ष दिली. ‘अद्याप माझी इच्छा कायम आहे’ असें पत्र लिहिणें सोपें असतें. तें पत्र खरें आहे हें दाखविणारीं कामें मधल्या काळांत झालेलीं असलीं म्हणजे त्याला वजन येतें. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनीं लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांच्याकडे या विद्यार्थ्याची शिफारस केलेली होती, तीहि या सामग्रींत धरली पाहिजे.

आतां पैशाचा हिशेब. सिडनहॅममधील नोकरी १९२० च्या मार्चपर्यंत चालली. सोळा-सतरा महिन्यांचा सगळा पगार, त्यांतील एक पैहि न खर्चितां धरला, तरी आठ हजारांच्या आंतच राहतो. लंडनची फी ही खर्चांतील अगदीं लहान बाब; बोटीचें भाडें, दोन-तीन वर्षांचा निर्वाह आणि बॅरिस्टरीचा खर्च हे खरे डोंगर होते. पगारांतील शिल्लक पुरणार नाहीं हें उघड होतें. त्यांचे पारशी मित्र नवल भाथेना यांनीं पांच हजार रुपये कर्जाऊ दिले. कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनींहि साहाय्य केलें. ‘मूकनायक’ हें पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजीं निघालें होतें, त्यालाहि महाराजांचा हातभार होता. आणि मार्चमध्यें माणगांवच्या परिषदेंत महाराज व आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते. लोकांचें पुढारीपण असें नुकतें दारांत येऊन उभें असतांना आंबेडकर जुलैमध्यें बोटींत चढले. रजेचें चौथें वर्ष तेव्हां सुरू होत होतें.

येथें रुपयाचें प्रकरण सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. युद्धापूर्वीं रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असा बांधलेला होता. युद्धकाळांत चांदी महागली. रुपया चांदीचा, म्हणून त्याचा भावहि चढूं लागला. १९१७ च्या ऑगस्टांत तो एक शिलिंग पांच पेन्स झाला, तर १९१९ च्या डिसेंबरांत सरकारी दर दोन शिलिंग चार पेन्सांवर गेला. बॅबिंग्टन स्मिथ समितीनें रुपया दोन सुवर्ण-शिलिंगांस बांधावा असें सुचविलें. समितींतील एकटे दादिबा दलाल यांनीं विरोध नोंदविला. सरकारनें बहुमताचा सल्ला घेतला, आणि त्याच वर्षीं भाव कोसळूं लागला. १९२१ पर्यंत तो पुन्हां युद्धापूर्वींच्या पातळीवर किंवा तिच्याहि खालीं आला.

मोठमोठ्या पेढ्यांना या उतारानें बुडविलें, हें अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सांगितलेलें असतें. एका विद्यार्थ्याच्या दृष्टीनें त्याचा अर्थ असा: पांच हजार रुपयांचे दोन शिलिंग भावानें पांचशें पौंड होतात, एक शिलिंग चार पेन्स भावानें तेच रुपये तीनशें तेहतीस पौंड भरतात. रुपये कर्जाऊ घेऊन पौंडांत खर्च करणाऱ्याच्या तोंडचा तिसरा हिस्सा असा हवेंत नाहींसा होई, आणि कर्ज मात्र पुरते पांच हजारांचेंच राही. परदेशीं मुलगा पाठविणाऱ्या आजच्या घरांतून डॉलरचा भाव रोज पाहिला जातो, तें दुखणें नवें नाहीं. आंबेडकरांनीं डी. एस्सी. च्या प्रबंधासाठीं रुपयाच्या विनिमयाचाच प्रश्न निवडला, आणि सरकारच्या चलननीतीवर कडक टीका केली. विषयाच्या निवडीमागें शास्त्रीय कारणें होतीं यांत शंका नाहीं. तरीहि या विषयाची झळ ज्याच्या जेवणाच्या ताटापर्यंत पोंचली असा प्रबंधकार विरळा.

१९२० च्या शरद्-सत्रांत ते पुन्हां लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. तीन वर्षांत फी एका गिनीनें वाढून अकरा पौंड अकरा शिलिंग झाली होती. जागा राखली गेली होती खरी; पण माणसांच्या आठवणींत ती कितपत होती? नोव्हेंबरांत फॉक्सवेल यांनीं संस्थेच्या चिटणीस श्रीमती मेअर यांना पत्र लिहिलें. या गृहस्थांनीं डॉक्टरेट आधींच मिळविली आहे व ते केवळ संशोधन पुरें करण्यास आले आहेत, हें आपण विसरूनच गेलों होतों, असें त्यांत नमूद करून, जिंकण्यासारखें जग येथें त्यांना आतां उरलेलें नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं दिला. अभिप्राय गौरवाचा आहे. परंतु त्यांतील विसरण्याची कबुली अधिक बोधप्रद आहे. शिफारशीचें पत्र ज्यांच्याकडे गेलें त्या प्राध्यापकांनाहि विद्यार्थ्याची हकीकत स्मरत नव्हती. स्मरणावर विसंबून राहण्यासारखें कांहीं नव्हतेंच. कामास आला तो कागद.

कागदाच्या बाबतींत एकदां त्यांच्याकडूनहि चूक झाली. १९२१ च्या एप्रिलमध्यें उन्हाळी परीक्षेचा अर्ज त्यांनीं वेळेवर भरला नाहीं. श्रीमती मेअर यांनीं विद्यापीठाच्या निबंधकांस लिहून उशिरां अर्ज घेण्याची परवानगी मागितली, आणि त्या उन्हाळ्यांत एम. एस्सी. ची पदवी पदरांत पडली. एवढा सगळा खटाटोप एका न भरलेल्या अर्जापायीं वर्षभर लांबला असता.

पैसा मात्र संपत आला होता. १९२१ च्या सप्टेंबरांत त्यांनीं शाहू छत्रपतींना पत्र लिहून दोनशें पौंड कर्जाऊ मागितले. या मागणींत संकोच नाहीं आणि दीनवाणेपणाहि नाहीं. किती हवे आणि कशासाठीं, हें सरळ सांगितलें आहे. पुढच्या मे महिन्यांत महाराज निवर्तले. जूनमध्यें ग्रेज इनमध्यें आंबेडकर बॅरिस्टर झाले. प्रबंधाचें काम अजून चालूच होतें, आणि जर्मनींतील बॉन विद्यापीठांतहि त्यांनीं नांव घातलें होतें.

१९२३ च्या मार्चमध्यें ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध विद्यापीठास सादर झाला, आणि परीक्षकांनीं तो आहे त्या स्वरूपांत स्वीकारण्याची शिफारस केली नाहीं. प्रबंध फार जहाल, ब्रिटिशविरोधी ठरला म्हणून असें झालें, अशी समजूत रूढ आहे. संस्थेकडील त्यांच्या कागदपत्रांत तिला आधार आढळत नाहीं. कारण कांहींहि असो, सहा वर्षांच्या वाटचालीनंतर पुन्हां ‘थांबा’ असें उत्तर आलें होतें. लंडनमध्यें थांबण्यास पैसे नव्हते. एप्रिलमध्यें ते मुंबईस परतले, परळच्या त्याच चाळींत बसून प्रबंधाची दुरुस्ती केली, आणि ऑगस्टांत तो पुन्हां सादर केला. नोव्हेंबरांत तो मान्य झाला. लंडनच्या पी. एस. किंग कंपनीनें तो लगोलग ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. कॅनन यांनीं प्रस्तावना लिहिली, आणि आपल्या विद्यार्थ्याच्या पुष्कळशा टीकेशीं आपण सहमत नाहीं हेंहि तींत मोकळेपणानें सांगितलें.

तिकडे कोलंबियाचें प्रकरण अद्याप मिटलें नव्हतें. तेथील नियमाप्रमाणें प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याखेरीज पीएच. डी. ची पदवी हातीं पडत नसे, आणि छपाईला पैसा लागे. तो ग्रंथ १९२५ मध्यें निघाला. विषय ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेची वाढ, प्रस्तावना सेलिग्मन यांची. ज्या संस्थानाच्या राजधानींत राहावयास जागा मिळाली नव्हती त्याच संस्थानाच्या अधिपतीला, सयाजीराव महाराजांना, शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतापूर्वक तो अर्पण केलेला आहे. पदवी रीतसर मिळाली ती १९२७ च्या जूनमध्यें. बडोद्याची शिष्यवृत्ति संपल्याला तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं.